पाव गोळी

एकोणीस वर्षं मी गोळ्या मोडतेय.
नेरूळच्या या इस्पितळात, खाली तळघरात,
जिथं खिडकीतून लोकांच्या फक्त चपला दिसतात.
पांढरी गोळी, मधोमध रेघ,
रेघेवर पातं.
अर्धी नीट होते.
पाव करताना भुकटी उडते.

भुकटीत किती औषध गेलं,
पुडीत किती उरलं,
मला कोणी विचारलं नाही.
डॉक्टर लिहायचे: पाव, दोनदा.
मी पाव करायची, नजरेनं.
आई पाव द्यायची, मधातून,
आणि लेकरू शांत झोपायचं,
कधी कधी जास्तच शांत.

करावे गावातला एक मुलगा दीड दिवस उठला नाही.
उठला, पोहे मागितले.
फाईल मिटली.
मी पातं धुतलं, पुसलं, परत डबीत ठेवलं.

आता दुसऱ्या मजल्यावर चाचणी चालू आहे.
आकडीचं तेच औषध, पण पातळ,
बिनसुईच्या सिरिंजमध्ये, किलोमागे मोजून,
आणि मग ठरल्या वेळी बोटाच्या टोकाचा एक थेंब:
आत किती पोचलं,
किती वेळ राहिलं,
कधी उतरलं.

दिवाळे कोळीवाड्यातल्या दर्शना नाखवा
संमतीपत्र वाचत होत्या, ओठ हलवत.
अकरा पानं.
सातव्यावर बोट थांबलं.
"म्हंजे पोरीवर प्रयोग?"

डॉक्टर बागवान चष्मा पुसू लागले.
औषध समजावायला मला वर बोलावलं होतं,
माझ्या तोंडून निघून गेलं,
ताई, प्रयोग तर मी एकोणीस वर्षं करतेय.
लिहून ठेवला नाही एवढंच.

त्या अकरा पानांत हे वाक्य कुठंच नव्हतं.
डॉक्टरांनी घाईनं पुढचं सांगितलं:
कधीही बाहेर पडता येतं, उपचार चालूच राहतात,
काही वावगं दिसलं तर बाहेरची समिती
सगळंच थांबवू शकते.
त्या ऐकत त्यांचं होत्या, बघत माझ्याकडे.
"मोठ्यांचाच औषध जरा कमी करून नाय चालत?"
मी उत्तर जुळवत होते,
तोवर त्यांनीच मान हलवली.
"नाय चालत. मांदेली म्हंजे काय सुरमईचा तुकरा हाय?
तिला तव्यावर आच येगलीच लागते.
नजर हलली का करपली."

सही केली. कागदाला मासळीचा वास राहिला,
तो फायलीत अजून आहे.

तीर्था सात वर्षांची.
तिच्यासाठी वेगळं एक पान, मोठ्या अक्षरांचं,
वर थेंबाचं चित्र.
तिनं सगळं ऐकून घेतलं, दुखेल का विचारलं,
हो म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसली,
मग नावाखाली एक खेकडा काढला.

पहिल्या थेंबाला हसली.
दुसऱ्याला रडली.
तिसऱ्याला माझं ओळखपत्र घट्ट धरून ठेवलं.
चौथ्याला, साडेचारला,
दोन्ही हात पाठीमागे नेऊन म्हणाली,
नको.

कुणी चॉकलेट पुढं केलं नाही.
कुणी शूर मुलगी म्हटलं नाही.
सिस्टर लिलियननं सुई कचऱ्यात टाकली
आणि तक्त्यात लिहिलं:
साडेचार. नमुना नाही.
कारण: मुलीला नको होतं.

ती ओळ मी दोनदा वाचली.
माझ्या इतक्या पुड्या गेल्या,
त्यांतल्या एकाही पोराचं नको
कुठं लिहिलेलं सापडणार नाही.

निकालाला तीन वर्षं, कदाचित चार.
मग मंजुरी, मग कारखाना, मग दुकान.
खाली रांग आहे.
उलव्याची एक बाई, कडेवर दहा महिन्यांचं,
चिठ्ठीवर: पाव, दोनदा.

रेघ धरते. पातं टेकवते.
आज खाली काळा कागद अंथरलाय.
उडालेली भुकटी गोळा करते,
काट्यावर ठेवते,
आकडा वहीत लिहिते,
कुणी मागितला नसताना.